टेकडीबागेचा दगड

१

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीबागेतला दगड जागेवर नव्हता.

पहारेकरी धोंडीराम दिंडोरीहून परतला होता. गुलाबाच्या कलमांची जुडी त्याच्या खांद्यावर होती, आणि दिंडोरीच्या पोरांनी फासलेला रंग कानामागे तसाच होता. त्याने दाराचं कुलूप उघडलं, जुडी सावलीत ठेवली, आणि सवयीने मधल्या टप्प्यावरच्या चिंचेकडे पाहिलं. चिंचेच्या बुंध्याला टेकून उभा असायचा तो काळा दगड नव्हता. त्याच्या जागी दबलेलं गवत होतं आणि शेजारी एक पहार पडली होती.

ही खबर चौकीत आली तेव्हा फौजदार सदाशिव गायधनी बूट काढून पाय बाकावर ठेवून बसले होते. देवळाच्या दारातल्या बंदोबस्ताचं हे तिसरं वर्ष. अस्पृश्यांना आत जाऊ द्या म्हणणारे एका बाजूला, जाऊ देणार नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि मधे उन्हात उभे गायधनी. घोटे सुजले होते. रामनवमी जवळ येत होती आणि रथाच्या दिवशी काय होणार, हा विचार त्यांना पहाटेच जागं करी.

"दगड चोरीला गेला?" त्यांनी विचारलं.

"व्हय साहेब. लेखाचा दगड," हवालदार बहिरू पगार म्हणाला. "पण चोर सापडला. महेबूब पाथरवट. पहार त्याचीच हाय. पळत व्हता, मी धरला."

"कुठे पळत होता?"

"म्हंजे... घरी जात व्हता."

गायधनींनी बूट चढवले. कोठडीसमोरून जाताना त्यांनी आत पाहिलं. चाळिशीचा एक माणूस भिंतीला पाठ लावून बसला होता. उजवा हात त्याने डाव्या काखेत धरला होता.

"हाताला काय झालं?"

बहिरू पगारच म्हणाला, "झटापटीत काठी लागली साहेब. थोडी."

२

टेकडीबाग नाशकात गंगेच्या उतारावर होती. पेशवाईत वावीकर सरदारांच्या अंबिकाबाईंनी ती बांधवली. तीन टप्पे होते. वरच्या टप्प्यावर विहीर. मोटेचं पाणी दगडी पाटातून निघे, नक्षी कोरलेल्या उतरत्या शिळेवरून पातळ पडद्यासारखं मधल्या टप्प्यावर उतरे, तिथून तसंच खालच्या टप्प्यावर, आणि रुंद उंबऱ्यावरून हौदात पडे. हौद भरला की जास्तीचं पाणी बाहेरच्या भिंतीतल्या गोमुखातून रस्त्यावर येई.

पुढे कुणा साहेबाने वरचा टप्पा टेनिससाठी सपाट करून पाट बुजवले. साहेब गेला, शेळ्या आल्या, सीताफळीचं रान माजलं. आता अंबिकाबाईंचे वंशज दाजीसाहेब वावीकर ती जागा गावाला द्यायला तयार झाले होते. गावातल्या प्रतिष्ठितांचं एक बाग मंडळ उभं राहिलं होतं, आणि पाडव्याला दानपत्रावर सही होऊन बाग सर्वांसाठी उघडायची होती.

बाग पुन्हा आखण्यासाठी मंडळाने नारायणराव पाळंदे यांना बोलावलं होतं. साठीचे गृहस्थ. सारी हयात संस्थानिकांच्या बागा आखण्यात गेलेली. इथे त्यांनी हिरवळ आणि बँडचा चबुतरा नको म्हणून सांगितलं. जुने पाट जिथून जात होते तिथूनच जातील, असा हट्ट धरला आणि माती उकरायला लावली. त्या उकरण्यातच दगड सापडला. त्यावर कोरलं होतं: 'हे पाणी समस्त वाटसरांस. जात पुसों नये. पुसेल त्यास गंगेची आण.' खाली अंबिकाबाईंचं नाव होतं.

दगड सापडला आणि गावाला दोन तोंडं फुटली. एका वकिलांनी जाहीर केलं की आता या बागेत आणि गोमुखावर कुणालाच अडवता येणार नाही. दुसऱ्या बाजूने दगडच खोटा ठरवला. पाडव्याआधी मंडळ दगड पाहायला येणार होतं.

आता पाहायला काही उरलं नव्हतं.

गायधनी बागेत पोचले तेव्हा पाळंदे खालच्या टप्प्यावर उभे होते. एक गडी वाफ्याच्या कडेने विटा लावत होता.

"बोटभर बाहेर आहे," पाळंदे त्याला म्हणत होते. "काढ. सगळी ओळ काढ."

"साहेब, झाडं वाढली की कुणाला दिसणार?"

"मला दिसेल. काढ."

मग ते फौजदारांकडे वळले. वळताना त्यांचा हात कमरेवर गेला. "वय झालं," ते म्हणाले. "या. दगड तिकडे होता."

गायधनींनी चिंचेखालची जागा पाहिली. दगड उंचीला पुरुषाच्या छातीइतका, हातभर रुंद, वीतभर जाड. तो फोडलेला नव्हता, कारण गवतात एकही कपची नव्हती. फाटकाबाहेरची माती नुकतीच पाणी मारून दाबलेली होती, तिच्यावर गाडीच्या चाकाची खूण नव्हती. भिंतीवरून असला दगड चार माणसांनाही पलीकडे टाकता आला नसता, आणि टाकला असता तर भिंतीवरचं शेवाळ खरवडलं असतं. शेवाळ शाबूत होतं.

"कुलूप?"

"जसंच्या तसं व्हतं," धोंडीराम म्हणाला. "किल्ल्या तीन. एक पाळंदेसाहेबांकडं, एक दाजीसाहेबांकडं. तिसरी माझी, ती मी दिंडोरीला जाताना पाळंदेसाहेबांकडं ठेवली व्हती, सकाळी येताना घेतली."

"कलमं आणायला रंगपंचमीचाच मुहूर्त?"

"साहेबांनी धाडलं. म्हनले, जा, दोन घास बहिनीकडं खाऊन ये." धोंडीरामने हौदाजवळच्या कण्हेरीच्या आडोशाला पडलेल्या एका घडीव फरशीवरची धूळ पंच्याने झटकली. "बसा साहेब. पाय दुखत्यात तुमचे."

गायधनी बसले. खरंच बरं वाटलं. समोर बाग होती, अर्धी झालेली, आणि त्यांना कळून चुकलं की दगड तिच्या बाहेर गेलेलाच नाही.

३

वाफे उकरले. विहिरीत गळ टाकून पाहिला. हौद कोरडाच होता. सीताफळीचं उरलेलं रान तोडून पाहिलं. दोन दिवस गेले आणि दगड मिळाला नाही.

दाजीसाहेब वावीकर दिवाणखान्यात पान लावत बसले होते. पंचमीच्या रहाडीची पूजा दर वर्षी त्यांच्या हातून होई. पूजा झाली की पहिली उडीही त्यांचीच. हौदासारख्या त्या रहाडीतला फुलांचा रंग आठवडाभर अंगावरून जात नाही. दाजीसाहेबांच्या नखांच्या कडा अजून केशरी होत्या.

"माझ्यावर संशय आहे ना फौजदार? स्पष्ट बोला."

"एक किल्ली आपल्याकडे आहे."

"आहे. आणि दगडही माझा, जमीनही माझी. मला तो नको असता तर भर दिवसा माणसं लावून फोडला असता. मी चोरी कशाला करू?" त्यांनी पानाला चुना लावला. "मी पाळंद्यांना तोंडावर सांगितलं होतं. तो दगड बागेत उभा असेल तर पाडव्याला मी सही करणार नाही. फाटकाला कुलूप लावीन. अंबिकाबाई मोठ्या बाई होत्या. पण त्यांना आजच्या दिवसांत राहायचं नव्हतं. मला राहायचं आहे. माझ्या मुलींची लग्नं व्हायची आहेत."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. गायधनींना वाटलं, हाही माणूस थकलेला आहे.

"पाळंदे काय म्हणाले?"

"काही नाही. नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, पाडव्यापर्यंत काहीतरी करू."

तिथून गायधनी गोमुखाच्या रस्त्याने खाली उतरले. भिंतीच्या सावलीत भागीबाई पाटी उपडी घालून बसली होती. बागेच्या कामावर माती वाहणारी, महारवाड्यातली. दगडावर पहिली कुदळ तिचीच लागली होती. फौजदार दिसताच ती उठून चार पावलं मागे सरकली.

"बस, बस. दगड निघाला तेव्हा कोण कोण होतं?"

"आमी चार बाया. पाळंदेसाहेब पळत आले. अंगावरच्या उपरण्यानं माती पुसली त्यांनी, सोत्ता. मंग वाचून दाखवलं. दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं व्हतं त्यांच्या."

"आणि महेबूब?"

"त्यो म्हनला, देखनं अक्षर हाय, कोरनारा चांगला व्हता." ती थांबली. "मंग भांडनं लागली, काम बंद पडलं चार दिस, तवा एकदा वैतागून म्हनला, फोडून टाका हा दगूड, समद्यांचा जीव सुटंल. त्येच हवालदारानं ऐकलं. पर मानूस तसा नाय, साहेब."

गायधनी निघाले. तिने मागून विचारलं, "दगूड सापडला तर पानी मिळंल का आमाला?"

ते चौकीकडे वळले तर दारात बुरख्यातली एक बाई उभी होती, आणि बहिरू पगार तिला हाकलत होता.

४

ती महेबूबची बायको, सलिमा.

"साहब, त्यांचा हात बघा एकदा," ती म्हणाली. "डबा द्यायला गेले तर भाकर डाव्या हातानं घेतली. कधी घेत नाहीत. अंगठा काळा पडलाय."

गायधनींनी कोठडी उघडून घेतली. महेबूबचा उजवा अंगठा मुळापासून सुजून वाकडा झाला होता. त्यांनी बहिरू पगारकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

"डॉक्टरला बोलाव. आत्ता," ते म्हणाले. मग ते कोठडीच्या उंबऱ्यावरच बसले. "महेबूब, मला चोर नको आहे. दगड कुठे आहे ते शोधायचं आहे. तो एकट्याला हलवता येईल?"

महेबूबने डाव्या हाताने जमिनीवर उतार आखला. मग म्हणाला, "चढावर चार माणसं लागतील. उतारावर, खाली गोल लाकडं घालून, एकटा नेईल. दिवस जाईल पण नेईल."

"म्हणजे चिंचेपासून खाली."

"खालीच."

"खाली तर फरसबंदी आहे, हौद आहे. तिथे काम पुरं झालं होतं ना?"

"पंचमीच्या आदल्या दिवशीच शेवटचा उंबरा बसवला हौदाचा. मोठी शिळा व्हती, मीच घडवली." त्याने दुखरा हात सावरला. "मग सुट्टी. पहार बागेतच ठेवून गेलो. पंचमीला दिवसभर घरीच व्हतो, बिछान्यात. अंग मोडून आलं व्हतं."

"एखादी घडवलेली फरशी उरली होती?"

"उरेल कशी? माप घेऊन घडवतो. सगळी बसवली."

गायधनी उठता उठता थबकले. दोन दिवसांपूर्वी ते कशावर बसले होते?

डॉक्टर आले. त्यांनी अंगठा पाहिला आणि फौजदारांना बाहेर बोलावलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. वेळेवर बांधलं असतं तर कदाचित नीट बसलं असतं. "आता वाकडंच बसेल," डॉक्टर म्हणाले. "हातोडीवरची पकड यायची नाही."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मोट जोडली होती. पाडव्याआधी पाणी एकदा सोडून पाहायचं, असं पाळंद्यांनी मंडळाला कळवलं होतं. मंडळाचं कुणी आलं नाही. गायधनी तेवढे आले.

पाणी पाटातून आलं. नक्षीच्या शिळेवर पसरून ते मासोळीच्या खवल्यांसारखं चमकलं. वरून मधल्या टप्प्यावर, मधून खालच्या. पाट बुजल्यानंतर पन्नासेक वर्षांनी ते त्याच वाटेने चाललं होतं, आणि पाळंदे त्याच्या बाजूने एकेक पायरी उतरत होते. एका ठिकाणी ते वाकले आणि पाटाच्या कडेला अडकलेलं पान त्यांनी बोटाने काढून टाकलं.

मग पाणी हौदाच्या उंबऱ्यावर पोचलं आणि डावीकडे वळलं. उजवी बाजू कोरडीच राहिली. सगळी धार एका कोपऱ्यातून हौदात पडू लागली.

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता विटांसारखं हेही काढायला लागणार, असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं. पाळंद्यांनी त्या पाण्याकडे पाहिलं, मान वळवली, आणि गायधनींना म्हणाले, "गुलाब चांगले धरलेत. पाहिलेत का?"

"पाहिले. गड्यांना जरा जेवायला पाठवा, पाळंदे."

गडी गेले. मोट थांबली. पाटातलं पाणी हळूहळू आटलं. गायधनी कण्हेरीच्या आडोशाच्या त्या फरशीवर जाऊन बसले.

"पंचमीला तुम्ही कुठे होतात?"

"गावात. तिवंध्याच्या रहाडीवर."

"उडी मारलीत?"

"लोकांनी ढकललं. नाशकात कुणाला सोडतात?"

"मग रंग कुठे आहे? दाजीसाहेबांच्या नखांत आहे. धोंडीराम दिंडोरीला होता, त्याच्या कानामागेही आहे. माझ्या बहिरू पगारची मान अजून लाल आहे. तुमच्या हातांना फक्त चुन्याच्या चिरा पडल्यात."

पाळंद्यांनी हात मागे घेतले नाहीत. ते उलटे करून त्यांनी तळव्यांकडे पाहिलं.

"मी बसलोय ही फरशी घडीव आहे," गायधनी पुढे म्हणाले. त्यांना या बोलण्यात काही गोडी वाटत नव्हती. "महेबूबची एकही फरशी उरत नाही. मग ही कुठून आली? कुठूनतरी निघाली, आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी बसलं. पंचमीच्या दिवशी बागेत चुना ओला होता तो एकाच ठिकाणी. आदल्याच दिवशी बसवलेल्या हौदाच्या उंबऱ्यात. ओल्या चुन्यातली शिळा पहारेने एकटा माणूस उचकटू शकतो. चिंचेपासून तिथपर्यंत सगळा उतार आहे. पहारेकरी गावाला पाठवलेला, तीनपैकी दोन किल्ल्या तुमच्याकडे, शहर रंगात. आणि दुसऱ्या दिवसापासून तुमची कंबर धरलेली."

"वयाने धरते."

"धरते. एवढ्यावर मी तुम्हाला काही म्हटलं नसतं. पण आत्ता पाणी डावीकडे गेलं. वीट बोटभर बाहेर गेली तर तुम्ही सगळी ओळ उपटता. आणि हे पाणी, ज्याच्यासाठी तुम्ही सगळी टेकडी उकरलीत, ते डोळ्यांसमोर वाकडं पडलं आणि तुम्ही मला गुलाब दाखवलेत. तो उंबरा पुन्हा उचलायला सांगायची तुमची छाती झाली नाही."

पाळंदे हौदाच्या काठावर बसले. बसताना कण्हले.

"एक कोपरा जाड आहे त्याचा," ते म्हणाले. "खाली आणखी खणायला हवं होतं. ताकद उरली नव्हती."

६

"फोडता आला असता," काही वेळाने पाळंदे म्हणाले. "पुरताही आला असता. पण मातीत गेला असता तर आणखी शंभर वर्षं गेला असता. म्हणून पाण्याखाली ठेवला, अक्षरं खाली करून. फौजदार, मी आठ राजांच्या बागा आखल्या. एकीतही लोक आले नाहीत. गजांना तोंड लावून बाहेरून बघायचे. दिवाळीत एक दिवस सोडायचे त्यांना, मागे शिपाई ठेवून. ही एकच बाग कुणाची नव्हती. दाजीसाहेब सही करणार नाहीत म्हणाले तेव्हा मला वाटलं, आधी सही होऊ दे. बाग एकदा गावाची झाली की मग दगड काढीन आणि सांगीन, हा मी ठेवला होता. तेव्हा कोण काय करणार?"

"हे ऐकायला बरं आहे."

"खरं आहे."

"असेल. महेबूबला धरलं ते तुम्हाला कळलं होतं?"

"त्याच दिवशी."

"मग?"

पाळंद्यांनी ओठ पुसले. "मला वाटलं, पाडव्यापर्यंतचाच प्रश्न आहे. त्याच्यावर काही शाबीत होणार नाही, सुटेलच. त्याला नंतर मी..."

"त्याचा अंगठा मोडला आहे. उजवा. हातोडी धरता येणार नाही."

पाळंद्यांनी आधी ऐकलंच नाही असं वाटलं. मग ते उठायला गेले, उठवेना, आणि ते तसेच हौदाच्या काठाला धरून वाकून राहिले. गायधनींनी अशी माणसं पाहिली होती.

मोडलेल्या अंगठ्यात आपल्या चौकीचीही काठी आहे, हे ते विसरले नव्हते. त्या दुपारी त्यांनी वरिष्ठांकडे जे कागद धाडले त्यांत पाळंद्यांचं नाव होतं आणि बहिरू पगारचंही. पुढे पाळंद्यांना दंड झाला आणि मंडळाने त्यांना कामावरून काढलं. बहिरू पगारची सटाण्याला बदली झाली.

दगड मात्र दुसऱ्याच दिवशी काढला. गायधनींनी दाजीसाहेबांना, मंडळाला, वकिलांना, सगळ्यांना निरोप दिले होते. भागीबाई आणि तिच्या वाड्यातली माणसं रस्त्यावर उभी होती. महेबूबला सोडल्यावर सलिमा त्याला घरी नेत होती, पण तो म्हणाला, बघून जातो, आणि हात गळ्यात बांधून चिंचेखाली उभा राहिला. पहार पाळंद्यांनी स्वतः धरली. दोघा गड्यांनी हात लावला. दगड उलटला, आणि अक्षरांत भरलेला ओला चुना भागीबाईने पदराने पुसला. तिला कुणी थांबवलं नाही.

दाजीसाहेबांनी लेख वाचला. अंबिकाबाईंचं, पणजीच्या सासूचं, नाव वाचताना त्यांनी पगडी सारखी केली. मग म्हणाले, "मी बोललो होतो ते बोललो होतो." सगळे बाहेर पडल्यावर त्यांनी फाटकाला स्वतः कुलूप घातलं.

पाडवा झाला. रामनवमीनंतर रथ निघाला, दगडफेक झाली, गायधनींच्या खांद्याला मार बसला. टेकडीबाग बंदच राहिली. उन्हाळ्यात मोट थांबली तेव्हा दिंडोरीचे गुलाब वाळून गेले. वकिलांनी दावा लावला. तो दोन पावसाळे चालला. दाजीसाहेबांच्या वकिलाने दगड खोटा म्हटलं, आणि निकाल लागला तेव्हा तो खरा ठरला. गोमुखाचं पाणी कुणालाही अडवता येणार नाही, असा हुकूम झाला. त्यानंतर दाजीसाहेबांनीच कंटाळून सही करून टाकली. एका मंगळवारी समारंभाशिवाय फाटक उघडलं. भाषण झालं नाही. पहिल्या दिवशी काही बाया घागरी घेऊन आल्या आणि बराच वेळ गोमुखाशी उभ्या राहिल्या, कुणी ओरडेल म्हणून. कुणी ओरडलं नाही.

गायधनी तेव्हा निवृत्त झाले होते. उघडलेली बाग पाहावी म्हणून ते एका संध्याकाळी काठी टेकत निघाले. बागेच्या अलीकडच्या वळणावर, एका भिंतीच्या आडोशाला, सलिमा गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावत बसली होती. छिन्नी-हातोडी तिच्या हातात होती. महेबूब समोर बसून डाव्या हाताने पाटा धरून होता आणि कुठे किती खोल जायचं ते सांगत होता.

"बसा साहब," सलिमा म्हणाली आणि गोणपाट पुढे केलं.

गायधनी बसले. घरच्या गोष्टी झाल्या. दिवसाला चार-पाच पाटे होतात, बाया घेऊन येतात, चाललंय. मग गायधनींनी विचारलं, "पाळंदे दिसतात का?"

"दर जुम्म्याला येतात," महेबूब म्हणाला. "दारात उभे राहतात. ही पाणी देते, पितात. मी बाहेर येत नाय. मग जातात."

"काही म्हणतात का?"

"एकदा म्हनले, माझ्या घरी चल, राहा, माझं कुणी नाय. मी आतून ऐकलं." तो पाट्यावरची भुकटी फुंकत राहिला. "मोठा मानूस हाय. त्यांनी आखलेलं पाणी पाहिलंत ना? असं कुणी आखत नाय आता. पण साहब, मानसाला कोठडीत सोडून पाणी कसं आखतो मानूस, ते मला समजत नाय. समजलं की बाहेर येईन."

वरून बागेतून माणसांचा आवाज येत होता. पोरं हौदाशी दंगा करत असावीत.

"चल ना," गायधनी म्हणाले. "मी तिकडेच निघालोय. तूच बांधलीस ती. एकदा बघून येऊ."

महेबूबने सलिमाकडे पाहिलं. तिने छिन्नी खाली ठेवली होती.

"तुमी जाऊन या साहब," तो म्हणाला. "हा पाटा उद्या सकाळी द्यायचाय."

सलिमाने छिन्नी पुन्हा उचलली. महेबूबने पाटा सरळ धरला. गायधनी काठीवर जोर देऊन उठू लागले, अर्ध्यात थांबले, आणि परत खाली बसले. उजेड जाईपर्यंत ते तिथेच टाकीचा आवाज ऐकत बसून होते.